गळा कोणाचा, गायकी कोणाची? एआयमुळे शास्त्रीय संगीतापुढे उभा राहिलेला पेच

सप्टेंबर २०२५ च्या शेवटच्या दिवसांत, अवघ्या पाच दिवसांच्या अंतराने, देशातल्या दोन उच्च न्यायालयांनी गाण्याशी संबंधित दोन महत्त्वाचे निर्णय दिले. २४ सप्टेंबरला दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने संगीतकार ए. आर. रहमान यांना दिलासा दिला. एखादी रचना कुणी गायली, एवढ्यावरून ती त्यानेच बांधली असे गृहीत धरता येत नाही, असे या निर्णयाचे सार होते. २९ सप्टेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने ज्येष्ठ गायिका आशा भोसले यांना अंतरिम संरक्षण दिले. परवानगी न घेता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजे एआयच्या मदतीने त्यांच्या आवाजाची नक्कल करणे हा त्यांच्या व्यक्तिमत्त्व हक्काचा भंग आहे, असे न्यायालयाने प्रथमदर्शनी मान्य केले.

दोन्ही प्रकरणांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. पण ती शेजारी ठेवून वाचली की एक पेच समोर येतो. गायकाचा गळा त्याच्या मालकीचा आहे, हे न्यायालये आता स्पष्ट सांगू लागली आहेत. बंदिशीवरचा हक्क मात्र ती कोणी बांधली हे सिद्ध झाले तरच मिळतो. आणि शास्त्रीय संगीताचा जो खरा गाभा, म्हणजे गुरूकडून शिष्याकडे तोंडी आलेली गायकी, तिच्यासाठी कायद्यात वेगळी जागाच नाही. एआयला आवाज, रचना आणि शैली या तिन्ही गोष्टींची नक्कल करता येऊ लागली असताना ही पोकळी कोणाला महागात पडणार?

मुंबईतले प्रकरण नेमके काय होते?

आशा भोसले यांच्या आवाजात कोणतेही गाणे तयार करून देणारी एआय साधने इंटरनेटवर उपलब्ध होती. त्यांचे नाव आणि छायाचित्र वापरून वस्तूही विकल्या जात होत्या. त्याविरोधात त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. नाव, प्रतिमा आणि आवाज हे कलाकाराच्या ओळखीचे भाग आहेत आणि त्यांचा व्यापारी वापर संमतीशिवाय करता येणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली.

याच न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पार्श्वगायक अरिजित सिंग यांच्या बाबतीतही असाच अंतरिम आदेश दिला होता. कोणाचाही आवाज अरिजित यांच्या आवाजात बदलून देणाऱ्या साधनांना त्यात मनाई करण्यात आली. अभिव्यक्ती स्वातंत्र्य आहे म्हणून कलाकाराची ओळख वापरून पैसे कमावण्याचा परवाना मिळत नाही, हा त्या आदेशातला कळीचा मुद्दा होता.

मात्र भारतात ‘व्यक्तिमत्त्व हक्क’ नावाचा स्वतंत्र कायदा नाही. खासगीपणाचा घटनात्मक हक्क, कॉपीराइट कायद्यातले कलाकारांचे हक्क आणि न्यायालयांचे आधीचे निकाल यांच्या आधारे हे संरक्षण उभे राहिले आहे. ते मिळवण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत लागते आणि आपला आवाज लोक ओळखतात हेही दाखवावे लागते. नामवंत पार्श्वगायकाला हे जमते. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकवण्या करून, महिन्यातून एखादी मैफल मिळवणाऱ्या गायिकेला ते कसे जमावे?

दिल्लीतला वाद कशाबद्दल होता?

‘पोन्नियिन सेल्वन २’ या चित्रपटातले ‘वीरा राजा वीरा’ हे गाणे ‘शिवस्तुती’ या ध्रुपद रचनेवर बेतलेले आहे, असा दावा ध्रुपद गायक उस्ताद फैयाज वासिफुद्दीन डागर यांनी केला. ही रचना आपले वडील नासिर फैयाजुद्दीन डागर आणि काका नासिर जहीरुद्दीन डागर यांनी बांधली होती, असे त्यांचे म्हणणे. हे दोघे ‘धाकटे डागर बंधू’ म्हणून ओळखले जात. रहमान यांच्या बाजूने सांगण्यात आले, की रचना पारंपरिक आहे आणि परंपरा कोणा एकाच्या मालकीची नसते.

एप्रिल २०२५ मध्ये एकल न्यायाधीशांनी डागर यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. गाण्याच्या श्रेयात दोन्ही दिवंगत गायकांची नावे घालावीत आणि दोन कोटी रुपये न्यायालयात जमा करावेत, असे त्यात म्हटले होते. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो आदेश रद्द केला. गाणे रचनेवरून उचलले आहे की नाही, या प्रश्नात खंडपीठ शिरलेच नाही. धाकटे डागर बंधू हे गायक होते हे दिसते, पण तेच रचनाकार होते याचा प्रथमदर्शनी पुरावा पुरेसा नाही, यावर निर्णय झाला.

घराण्यांच्या दृष्टीने हा मुद्दा फार मोठा आहे. शास्त्रीय संगीतात चीज बांधली जाते, शिष्यांना शिकवली जाते, मैफलीत गायली जाते. कागदावर तारीख टाकून सही करण्याची पद्धत क्वचितच होती. १९५७ च्या मूळ कॉपीराइट कायद्यात तर ‘सांगीतिक कृती’ म्हणून मान्यता मिळण्यासाठी ती लिहिलेली किंवा छापलेली असावी लागे. १९९४ च्या दुरुस्तीने ही अट काढली. न लिहिलेल्या बंदिशीलाही तेव्हापासून संरक्षण मिळू शकते. पण कर्ता कोण हे दाखवायचे ओझे कायम आहे.

गंमत अशी, की परंपरेने यावर स्वतःचा उपाय शोधलेला होता. बंदिशीच्या शब्दांतच रचनाकार आपले टोपणनाव गुंफत असे. त्याला मुद्रा म्हणतात. अठराव्या शतकातले नियामत खाँ ‘सदारंग’, आग्रा घराण्याचे फैयाज खाँ ‘प्रेमपिया’, बडे गुलाम अली खाँ ‘सबरंग’ आणि पं. जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणिदास’ या नावांनी आपल्या चिजांमध्ये आजही हजर असतात. चीज दहा तोंडांतून फिरली तरी कर्त्याचे नाव तिच्यासोबत फिरत राहते. ज्या रचनांमध्ये अशी मुद्रा नसते, तिथे वाद उभा राहिला की हाती पुरावा उरत नाही.

शास्त्रीय संगीताला तंत्रज्ञानाचे वावडे आहे का?

इतिहास तसे सांगत नाही. प्रत्येक नव्या यंत्राला सुरुवातीला विरोध झाला, मग ते यंत्र गाण्यात मिसळून गेले आणि जाताजाता गाणेही थोडे बदलून गेले.

नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे ग्रामोफोनसाठी मुद्रित झाले. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तासभर रंगणारा ख्याल त्यात कसा बसवायचा? गायकांनी आलापी आटोपती घेतली, द्रुत चीज आणि ताना पुढे आणल्या. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत. तिथल्या तंत्रज्ञांना गायक ओळखता यावा म्हणून गाण्याच्या शेवटी गायक स्वतःचे नाव उच्चारत असे. गौहर जान इंग्रजीत आपले नाव सांगत, ते त्या जुन्या तबकड्यांवर अजून ऐकू येते. ती यंत्राच्या सोयीसाठी दिलेली ओळख होती, पण मुद्रेसारखीच तीही कलाकाराची सही ठरली.

सगळ्यांनीच यंत्र स्वीकारले असे मात्र नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ आणि पं. भास्करबुवा बखले यांचे गाणे ध्वनिमुद्रणाच्या रूपात मागे राहिले नाही. अल्लादिया खाँ यांच्या शिष्या, गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांच्या तबकड्या मात्र निघाल्या. त्यांतली साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांवरच्या सोनेरी तबकडीत समाविष्ट झाली आणि आज ती आंतरतारकीय अवकाशात प्रवास करते आहे. गुरूचा आवाज कोणालाच ऐकता येत नाही आणि शिष्येचा आवाज अंतराळात पोहोचला, इतका फरक एका यंत्राने केला.

पेटीची कथाही अशीच. मराठी संगीत नाटकात ऑर्गन आणि पेटीने घर केले होते. पण भारतीय सुरांना ती मानवत नाही, तिच्यातून मींड निघत नाही, असा आक्षेप घेऊन १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. ही बंदी १९७१ मध्ये सैल होईपर्यंत तीन दशके उलटली. आज पेटीच्या साथीशिवाय ख्यालाची मैफल विरळा. माइक आल्यावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणाऱ्या खड्या आवाजाची सक्ती संपली आणि हळुवार लगावाला मंचावर जागा मिळाली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बेंगळूरूत इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला. आता तबला आणि तंबोरा दोन्ही मोबाइलच्या ॲपमध्ये आहेत आणि पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंतचे विद्यार्थी त्यावर रियाज करतात.

पं. विष्णु नारायण भातखंडे यांची स्वरलिपी हेही एक तंत्रज्ञानच होते. घराण्यांनी जपून ठेवलेल्या चिजा त्यांनी गोळा केल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांतून सर्वांसाठी खुल्या केल्या. त्यामुळे सामान्य घरातल्या मुलामुलींना राग शिकता आला. ज्यांच्या घराण्याचे धन छापले गेले, त्यांतल्या अनेकांना ते रुचले नव्हते. खुलेपणा आणि मालकी यांची ही ओढाताण एआयच्या फार आधीपासूनची आहे.

मग एआय वेगळे कसे?

आधीच्या प्रत्येक यंत्राला समोर कलाकार लागत होता. तबकडी असो, रेडिओ असो की यूट्यूब, कोणीतरी गायल्याशिवाय ध्वनी तयार होत नव्हता. एआयने ही अट काढून टाकली आहे. जो कलाकार स्टुडिओत आलाच नाही, ज्याला गाणे माहीतही नाही, त्याच्या आवाजात आता गाणे तयार होऊ शकते.

हे घडते कसे, ते समजून घेणे उपयोगाचे आहे. सध्या प्रचलित असलेल्या एका पद्धतीत आधी कोणीतरी माणूस गाणे गातो. दुसरीकडे, नामवंत गायकाची ध्वनिमुद्रणे देऊन संगणकात त्याच्या आवाजाचे प्रारूप तयार केलेले असते. त्यासाठी साथसंगत वेगळी केलेला काही मिनिटांचा स्वच्छ आवाजही पुरतो. मग संगणक पहिल्या माणसाच्या गाण्यातले सुरांचे चढउतार आणि लय तशीच ठेवतो आणि फक्त आवाजाचा पोत बदलतो. म्हणजे मींड कुठे घ्यायची, समेवर कसे यायचे, दरबारीतला गंधार किती झुलवायचा, हे सगळे त्या अनाम गायकाचे असते. त्यावर नामवंताच्या गळ्याचा मुखवटा चढवलेला असतो.

म्हणूनच जाणत्या कानाला अशी नक्कल अनेकदा खटकते. आवाज ओळखीचा वाटतो, पण विचार त्या गायकाचा वाटत नाही. ख्यालगायकीत राग पुढे कसा उलगडायचा याचा निर्णय दर क्षणाला घ्यावा लागतो. गायकाची ओळख या निर्णयांतून होते. आवाजाचा पोत हा तिचा एक भाग आहे.

पण म्हणून धोका कमी होतो असे समजणे चूक ठरेल. मोबाइलवर तीस सेकंदांची रील पाहणारा श्रोता दरबारीचा गंधार तपासत नाही. तो ओळखीच्या आवाजावर थांबतो, लाइक करतो आणि पुढे पाठवतो. इथे दोघांचे नुकसान होते. ज्याचा आवाज वापरला, त्याला न विचारता त्याच्या नावावर गाणे जमा होते. आणि ज्याने प्रत्यक्ष गायले, त्याचे नाव कुठेच येत नाही. आवाज बदलून देणाऱ्या तंत्राचा हा दुसरा बळी सहसा चर्चेतच येत नाही.

तंत्राची दुसरी बाजूही आहे. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, म्हणजे एनसीपीएमध्ये, गायकांच्या सुरांचे आलेख पडद्यावर उमटवणारा प्रकल्प राबवला गेला. आयआयटी मुंबईतले संशोधक वर्षानुवर्षे राग, लय आणि गायनातील सुरांच्या हालचालींचे संगणकीय विश्लेषण करत आले आहेत. बार्सिलोनातल्या विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या ‘कॉम्पम्युझिक’ प्रकल्पातही त्यांचा सहभाग होता. विद्यार्थ्याला आपला गंधार कुठे चुकतो हे डोळ्यांनी दिसणे, हा मोठा लाभ आहे. त्यामुळे तंत्राला सरसकट नकार देऊन भागणार नाही. वापर कोणाच्या संमतीने आणि कोणाच्या फायद्यासाठी होतो, याकडे पाहावे लागेल.

कायदा काय वाचवतो आणि काय नाही?

कायद्याचे संरक्षण तुकड्यातुकड्यांत विभागलेले आहे.

रचनेवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे असतो. पण कायद्याच्या दृष्टीने ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, बहुधा रेकॉर्ड कंपनी. गाणाऱ्याचा हक्क वेगळा आहे. भारतीय कायद्यात गायकाला काहीच स्थान नाही, याकडे न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७७ च्या एका निकालात लक्ष वेधले होते. त्यानंतर १९९४ च्या दुरुस्तीने ‘कलाकाराचा हक्क’ कायद्यात आला. तो आता ५० वर्षांचा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात मानधनाचा वाटा, तसेच श्रेय मिळवण्याचा आणि विपर्यासाला हरकत घेण्याचा हक्क जोडला गेला.

आता यात एआय बसवून पाहा. कलाकाराचा हक्क त्याने प्रत्यक्ष केलेल्या सादरीकरणाला लागू होतो. एआयने तयार केलेले गाणे त्याने सादर केलेलेच नसते. कॉपीराइट रचनेला आहे, पण एआय नवी रचना करून मोकळे होते. राग आणि ताल तर सर्वांचेच. शैलीला कॉपीराइट नसतो, आणि नसावाच. कारण घराण्याची गायकी एका कुटुंबाच्या मालकीची झाली तर शिष्यालाही गाता येणार नाही. अनुकरणातून शिकणे हाच तालमीचा पाया आहे.

इथे एक तुलना बोलकी आहे. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मिरजेबाहेर तयार झालेल्या तंबोऱ्यावर ‘मिरजेचा तंबोरा’ असे लिहून तो विकता येणार नाही. ज्या वाद्याच्या साथीने गायकी उभी राहिली, त्याच्या नावाला कायद्याचे कवच मिळाले. त्या गायकीचे नाव घेऊन यंत्राने तयार केलेले गाणे विकणे रोखण्यासाठी असे कवच नाही.

दिवंगत गायकांचे काय?

खरा पेच इथे आहे. भारतातल्या न्यायालयांनी व्यक्तिमत्त्व हक्क हयात कलाकारांना दिला आहे. मृत्यूनंतर तो वारसांकडे जातो का? अभिनेता सुशांतसिंह राजपूत यांच्यावरील चित्रपटाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले, की खासगीपणाचा आणि प्रसिद्धीचा हक्क व्यक्तीबरोबरच संपतो, तो वारसाहक्काने मिळत नाही.

दुसऱ्या बाजूला जुन्या तबकड्यांची मुदत संपत चालली आहे. १९५५ साली प्रसिद्ध झालेले ध्वनिमुद्रण २०१६ पासून मुक्त आहे. संशोधक, संग्राहक आणि श्रोत्यांसाठी ही आनंदाची गोष्ट आहे, कारण जुने गाणे कोणाच्या परवानगीविना जतन करता आणि ऐकवता येते. पण तीच ध्वनिमुद्रणे एआयला शिकवण्यासाठीही मोकळी आहेत. म्हणजे ज्या पिढीने घराण्यांना आकार दिला, तिचा आवाज आज सर्वाधिक असुरक्षित आहे. तबकडीवरचा हक्क संपलेला, गायक हयात नाही आणि वारसांना दाद मागायला ठाम आधार नाही.

यातून होणारी हानी पैशांपुरती नाही. घराण्यांच्या इतिहासासाठी ध्वनिमुद्रण हा पुरावा असतो. अमुक गायक अमुक रागात कोणता स्वर घेत असे, यावर अभ्यासक वाद घालतात आणि जुनी तबकडी लावून तो मिटवतात. उद्या ‘अप्रकाशित मैफल’ म्हणून यंत्राने केलेले ध्वनिमुद्रण फिरू लागले आणि दहा वर्षांनी तेच खरे मानून विद्यार्थी शिकू लागले, तर परंपरेतच खोटी पाने घुसतील. खासगी मैफलींची ध्वनिमुद्रणे हातोहात फिरण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्यामुळे खऱ्याखोट्याची गल्लत होण्याला इथे वावही जास्त आहे.

परवानगी घेऊन केले तर?

त्याचीही उदाहरणे आहेत. ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटातल्या एका गाण्यासाठी रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज एआयने पुन्हा घडवले. कुटुंबीयांची परवानगी घेतली आणि त्यांना मोबदला दिला, असे त्यांनी २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितले. त्याच वर्षी एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या कुटुंबाने एका तेलुगू चित्रपटाच्या निर्मात्यांना कायदेशीर नोटीस पाठवली. न विचारता त्यांच्या आवाजाची नक्कल केल्याची तक्रार त्यात होती. तंत्र एकच, पण एका ठिकाणी विचारणा झाली आणि दुसऱ्या ठिकाणी ती झाली नाही, असे कुटुंबाचे म्हणणे.

कॅनडाची गायिका ग्राइम्स हिने २०२३ मध्ये आणखी वेगळा मार्ग घेतला. आपल्या आवाजात कोणीही एआय गाणे करावे, कमाई झाली तर निम्मा वाटा द्यावा, असे तिने जाहीर केले. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने २०२४ मध्ये गायकांच्या आवाजाला संरक्षण देणारा कायदा केला.

पण कुटुंबाची परवानगी पुरेशी आहे का, हा प्रश्न ख्यालगायकीत अधिक टोकदार होतो. पार्श्वगायक संगीतकाराने दिलेली चाल गातो. ख्यालगायक मंचावर बसून गाणे घडवतो. त्याने कधीच न घेतलेले निर्णय त्याच्या आवाजात ऐकवणे, म्हणजे त्याच्या नावावर नवे मत खपवण्यासारखे आहे. मुलाने किंवा मुलीने सही केली तरी ते मत त्या गायकाचे होत नाही.

सरकार काय करते आहे?

दोन हालचाली महत्त्वाच्या आहेत. पहिली लेबलची. एआयने तयार केलेल्या ध्वनी आणि चित्रफितींवर तसे ठळकपणे नमूद करण्याच्या नियमांचा मसुदा केंद्राने ऑक्टोबर २०२५ मध्ये आणला आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये नियम अधिसूचित केले. श्रोत्याची फसवणूक टाळण्यासाठी हे गरजेचे आहे. मात्र लेबल लावले म्हणजे संमती मिळाली असे होत नाही.

दुसरी हालचाल प्रशिक्षणाच्या मोबदल्याची. उद्योग प्रोत्साहन विभागाच्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कार्यपत्रिकेत सक्तीच्या परवान्याची कल्पना मांडली. एआय कंपन्यांना कायदेशीररीत्या उपलब्ध असलेली सामग्री वापरता यावी आणि त्या बदल्यात त्यांनी स्वामित्वधन द्यावे, असा तिचा गाभा आहे. यात पैसे मिळण्याची सोय आहे, पण ‘माझे गाणे वापरू नका’ असे म्हणण्याची मुभा निर्मात्याला उरत नाही.

शास्त्रीय कलाकारांसाठी त्यापुढचा प्रश्न वाटपाचा आहे. पैसे मुख्यतः रेकॉर्ड कंपन्यांच्या संग्रहासाठी दिले गेले, तर गायकाच्या, तबलजीच्या आणि पेटीवाल्याच्या हाती काय येणार? जुन्या तबकड्यांवर साथीदारांची नावेही अनेकदा छापलेली नसत. नोंद नसेल तर वाटा नाही, हे दिल्लीच्या निकालाने वेगळ्या संदर्भात दाखवून दिलेच आहे.

आता करण्यासारखे काय?

कायदा येईपर्यंत वाट पाहण्याची गरज नाही. काही गोष्टी कलाकार, संस्था आणि श्रोते आजच करू शकतात.

कलाकारांनी आपल्या बंदिशींची नोंद ठेवावी. मोबाइलवर गाऊन, तारीख आणि राग सांगून जपलेले ध्वनिमुद्रणही पुढे उपयोगी पडेल. स्वरलिपीसह छापील संग्रह काढता आला तर उत्तमच. मैफल किंवा अल्बमच्या करारावर सही करताना ‘सर्व माध्यमे, सर्व तंत्रे, कायमस्वरूपी’ अशी वाक्ये थांबून वाचावीत. आवाजाचा वापर एआयच्या प्रशिक्षणासाठी करता येणार नाही, किंवा केल्यास वेगळी परवानगी आणि मोबदला लागेल, अशी ओळ त्यात घालून घ्यावी. आपल्या पश्चात आवाजाचे काय करावे, हे इच्छापत्रात लिहून ठेवावे. त्याचे कायदेशीर वजन अजून ठरायचे असले, तरी कुटुंबाला आणि शिष्यांना दिशा मिळेल.

संगीत मंडळे, महोत्सवांचे आयोजक आणि खासगी संग्राहक यांच्याकडे हजारो तासांचे गाणे पडून आहे. ते कोणी, कधी, कुठे गायले, साथीला कोण होते, ही माहिती ध्वनिमुद्रणासोबत जोडणे हे सर्वांत तातडीचे काम आहे. उद्या बनावट मैफल समोर आली, तर खरी कोणती हे सांगायला हीच नोंद कामी येईल.

श्रोत्यांच्या हातीही बरेच आहे. दिवंगत गायकाच्या आवाजात ‘नवे गाणे’ असलेली रील समोर आली, की पुढे पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. गाणे एआयने केल्याचे सांगितले आहे का? कुटुंबाची किंवा हक्कधारकाची परवानगी असल्याचा उल्लेख आहे का? आणि प्रत्यक्ष गाणाऱ्याचे, संगीतकाराचे नाव दिले आहे का? तिन्ही प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर ती रील तिथेच थांबवणे बरे. त्याच गायकाची अस्सल मैफल बहुतेकदा त्याच मोबाइलवर, एका शोधाच्या अंतरावर असते.